घागर घेऊन सात पायऱ्या

गिरणा सेवा क्लबला यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चाळीस वर्षं पूर्ण होत होती. त्या दिवशी रूपाने भरलेली घागर घेऊन स्टेजच्या सात पायऱ्या चढायच्या, असं कार्यकारिणीच्या बैठकीत ठरलं. रूपा तेव्हा तिथेच होती, बैठकीला चहा तीच देत होती. तिला कोणी विचारलं नाही, आणि कोणी विचारेल असं तिलाही वाटलं नव्हतं.

"कल्पना सरांची आहे," पंडितशेट बशीत चहा ओतत म्हणाले. "क्लब सुरू झाला तो पाणपोईने, म्हणून घागर. आणि क्लबचं सगळ्यात मोठं काम म्हणजे कृत्रिम पाय, म्हणून रूपा. घागर प्रमुख पाहुण्यांच्या, प्रांतपालांच्या हातात द्यायची. ते घोटभर पाणी पितील. बस, तिथं टाळ्या."

पंडितशेट क्लबचे अध्यक्ष, गावातल्या दाळमिलचे मालक. शेजारी बसलेले प्रेमराज सर हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक आणि वीस वर्षांपासूनचे सचिव. सरांनी चष्म्यावरून रूपाकडे पाहिलं आणि विचारलं, "जमेल ना?"

"जमेल सर," रूपा म्हणाली आणि कप गोळा करून बाहेर आली. दाराआड आल्यावर तिने ट्रे खाली ठेवला, भिंतीला टेकली आणि उजवा पाय जमिनीवरून उचलून धरला. कृत्रिम पायाच्या साच्यात अडकलेली जखम ठणकत होती.

बोरखेडे पेठ हे चाळीसगावच्या बाजूचं, गिरणेच्या काठचं गाव. खेडं म्हणावं तर मोठं, शहर म्हणावं तर लहान. पंच्याऐंशी सालच्या आखाजीला इथल्या आठ जणांनी एसटी स्टँडवरच्या निंबाखाली सहा रांजण मांडले आणि क्लब सुरू झाला. मग डोळ्यांची शिबिरं झाली, शाळेतल्या पोरींना सायकली मिळाल्या, स्मशानात पत्र्याची शेड आली, प्रेत न्यायला वैकुंठरथ आला. दहा वर्षांमागे कृत्रिम पायांचं शिबिर झालं आणि त्याच वर्षी क्लबच्या हॉलमागे साहित्य केंद्र उघडलं. गावात कोणाचा म्हातारा अंथरुणाला खिळला, कोणाचं मांडीचं हाड मोडलं की घरचं माणूस या केंद्रावर यायचं. वर करता येणारी कॉट, चाकाची खुर्ची, वॉकर, कुबड्या, संडासची खुर्ची, हवं ते न्यायचं आणि काम झालं की आणून द्यायचं. ते केंद्र रूपा सांभाळायची. परत आलेली कॉट फिनेलने धुवायची, गाद्या उन्हात टाकायची, गंजलेल्या चाकांत तेल सोडायची. ज्या कॉटवर माणूस गेला ती कॉट आणणारे दारातच ठेवून निघून जात. ती एकटीने आत ओढायची.

केंद्राला लागून दोन खोल्या होत्या, त्यांत तिचा संसार. नवरा नवल वैकुंठरथ चालवायचा. लेक मेघा जळगावला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, तिचं शिक्षण क्लबच्या दत्तक योजनेतून चाललेलं. सासू वच्छलाबाई दारात बसून शेंगा फोडायची आणि येणाऱ्या जाणाऱ्यावर लक्ष ठेवायची. डोक्यावरचं छप्पर, नवऱ्याचं काम, लेकीचं कॉलेज आणि गुडघ्याखालचा पाय, यांतलं क्लबचं नाही असं काही शोधायला गेलं तर वच्छलाबाईचा पितळी डबा तेवढा निघाला असता.

*

दुसऱ्या दिवशी भर दुपारी रूपा अय्युबभाईच्या दुकानात गेली. अय्युबभाई मोटारसायकलींच्या सीटा शिवायचा. बापाच्या वेळी याच दुकानात बैलगाडीचे पट्टे आणि चामड्याच्या मोटा दुरुस्त व्हायच्या. रूपाच्या पायाचे पट्टे तुटले की तीन वर्षांपासून तोच शिवून द्यायचा. दुकानात रेक्झिनचा आणि सोल्युशनचा वास भरलेला, वर पंखा गरम हवा फिरवत होता. अय्युबची बायको हसीनाबी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दुकानाचं शटर तिने अर्धं खाली ओढलं. ते शटर रूपासाठी होतं.

रूपाने पाय काढून त्याच्या हातात दिला. अय्युबने साच्यात हात घालून आतून चाचपलं. तीनदा घातलेला फोम दबून पापडासारखा झाला होता, आणि मोज्याला पिवळा डाग होता.

"ताई, हाई गादी आते कितली बी भर, काम देवाव नही," तो म्हणाला. "तुना पाय बारीक व्हयी ग्या अन साचा तितलाच ऱ्हायना. आत हालस, म्हनीसन घासस. हाई सीट नही शे का फोम टाका अन चालनी."

"आखाजीलोंग चालू दे, भाऊ. मंग दखसू."

"आखाजी आठ रोज शे."

हसीनाबीने खाली वाकून रूपाच्या पायाचा खुंट पाहिला. हाडाच्या टोकावर रुपयाएवढी जागा लाल होती आणि मधे पांढरी. ती आत जाऊन खोबरेल तेलाची वाटी आणि धुतलेल्या ओढणीचा मऊ तुकडा घेऊन आली.

अय्युबने नवा फोम कापला, कडा तासून पातळ केल्या, आत चिकटवला, आणि वाळेपर्यंत साचा उलटा धरून बसला. "धुळ्याले सरकारी दवाखानामा माप लेतस," तो म्हणाला. "मना सालाना पाय तठेच करा. पंधरा रोज लागतस. चांगला करतस."

"पंधरा रोज मी कसावर चालू?"

"कुबड्यास्वर. तुना केंद्रमा भरेल शेतस ना?"

दहा वर्षांपूर्वी शिबिरात पहिला पाय बसला तेव्हा पंडितशेटांनी तिच्या हातातल्या कुबड्या स्वतः काढून घेतल्या होत्या आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले होते, आता हिला यांची गरज नाही. तेव्हापासून क्लबच्या आवारात तिने कुबडी घेतलेली कोणाला आवडायची नाही. असं कोणी बोलून दाखवलं नव्हतं. पण एकदा तापात ती कुबडीवर हॉलमध्ये आली, तेव्हा शेटांनी तिला बाजूला बोलावून हळूच विचारलं होतं, "पाहुणे यायचेत. पाय बिघडलाय का आपला?" आपला म्हणाले होते.

*

तरी ती शेटांकडे गेली. दाळमिलच्या ऑफिसात जायला तिला अंगणातून जावं लागे, आणि अंगणात मिलचा धडधडाट जमिनीतून वर येई. डाव्या पायाला तो कळायचा. ती शेडकडे न बघता ऑफिसात शिरली.

शेट फोनवर मांडववाल्याशी बोलत होते. फोन ठेवून त्यांनी तिला खुर्चीवर बसायला सांगितलं, ते नेहमीच सांगत. ती उभीच राहिली.

"शेट, पाय घासतोय. जखम झालीय. धुळ्याला जाऊन नवीन माप देते म्हणते. पंधरा दिवस लागतील."

"म्हणजे आखाजीला पाय नाही."

"नाही."

शेटांनी टेबलावरचा कागदाचा बोळा उचलून डब्यात टाकला. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, खरोखर काळजीत पडलेला होता. "रूपा, पत्रिका छापून गेल्या. प्रांतपालांना फोनवर तुझं सांगितलंय. तू काय परकी आहेस का? कार्यक्रम झाला की मी स्वतः गाडी देतो. धुळे कशाला, मुंबईला पाठवतो. आठ दिवस कळ काढ."

"बरं," ती म्हणाली.

"डॉक्टरला सांगून मलम पाठवतो संध्याकाळी." त्यांनी मलम पाठवलंही.

*

स्मरणिकेचं काम प्रेमराज सरांकडे होतं. चाळीस वर्षांचा सगळा इतिहास ते हॉलच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून लिहीत होते, अजून शाईच्या पेनने, वळणदार अक्षरात. त्यांनी रूपाला समोर बसवलं.

"तुझ्यावर एक पान आहे. वाचून दाखवतो, काही चुकलं असेल तर सांग." त्यांनी घसा साफ केला. "'रूपाताई नवल महाले. अत्यंत गरीब परिस्थिती. रस्ता ओलांडत असताना अज्ञात वाहनाने धडक दिली आणि त्यांना उजवा पाय गमवावा लागला. आयुष्यात काळोख पसरला. अशा वेळी क्लब धावून आला...'"

सर वाचत राहिले. पान संपल्यावर वर न बघता म्हणाले, "हेच चार वाक्यांत तुला स्टेजवर बोलायचंय. मी लिहून देतो."

रूपा टेबलावरच्या त्यांच्या अक्षरांकडे बघत होती. हेच अक्षर तिने अकरा वर्षांपूर्वी एका कागदावर पाहिलं होतं.

ती तेव्हा शेटांच्या मिलमध्ये दाळीची चुनी झाडायला होती. दाळ वर नेणाऱ्या लिफ्टच्या खाली, फिरत्या पट्ट्याच्या शेजारी वाकून झाडताना तिच्या लुगड्याचा काठ पट्ट्यात गेला आणि काठाच्या मागे पाय गेला. पट्ट्याला जाळी नव्हती. जाळी बसवायची आहे असं वर्षभर नुसतं बोललं जात होतं. धुळ्याच्या दवाखान्यात ती शुद्धीवर आली तेव्हा पाय गेलेला होता आणि कागद झालेला होता. अज्ञात वाहनाने धडक दिली. खाली नवलची सही, वच्छलाबाईचा अंगठा. उशाशी शहाळी ठेवलेली होती आणि शेट बाकावर डोकं धरून बसले होते. तेव्हा त्यांना रडताना तिने पाहिलं. ते रडणं खोटं नव्हतं हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच तिला काही बोलता आलं नव्हतं.

"सर," ती म्हणाली, "हे तुम्हीच लिहिलं होतं ना. तेव्हाही."

सरांनी चष्मा काढला. पुसायला रुमाल शोधला, सापडला नाही, सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"हो."

"आता परत लिहिताय."

"रूपा, एकदा लिहिलेलं आता बदलायचं कसं? गावाला काय माहीत नाही का? सगळ्यांना माहीत आहे. तुझी पोरगी शिकतेय. राहू दे."

"तिला माहीत नाही," रूपा म्हणाली.

*

मेघा आखाजीच्या दोन दिवस आधी आली. बोरखेड्याच्या लेकी माहेरी येत होत्या, निंबांना झोके बांधले जात होते. रूपाचा भाऊ तिला न्यायला आला होता. कार्यक्रम आहे म्हणून ती गेली नाही, आणि तो सांजोऱ्यांचा डबा ठेवून परतला.

संध्याकाळी रूपा मोरीत पाय धूत असताना मेघा पाणी घ्यायला आली आणि दारातच थांबली.

"आई, दाखव."

"काही नाही गं. उन्हाळ्याचं होतं."

मेघाने खाली बसून खुंट हातात घेतला. तिची बोटं आता घरच्या पोरीसारखी नव्हती, वॉर्डातल्या बाईसारखी थंड आणि नेमकी होती. तिने जखमेच्या कडेला दाबलं, वास घेतला. मग बॅगेतून गॉज आणि पट्टी आणली, मिठाचं पाणी उकळून निवू दिलं आणि जखम साफ केली. रूपाने दात आवळून धरले.

"यावर साचा चढवायचा नाही. पंधरा दिवस तरी. हाडापर्यंत गेलं तर गुडघ्याच्या वरून कापतात, मी बघितलंय."

"परवा कार्यक्रम आहे."

"मग दुसरं कोणी नेईल घागर." मेघा पट्टी गुंडाळत होती. "आई, तो ट्रकवाला कधी सापडलाच नाही का गं? कोणी नंबरसुद्धा बघितला नाही?"

रूपा काही बोलायच्या आत दारातून वच्छलाबाईचा आवाज आला. "कसाले उकरी काढस व जुनं? दिवाबत्तीना टाइम शे, ऊठ."

रात्रीची भाकरी झाल्यावर मेघा शेजारणींबरोबर झोक्यावर गेली. तेव्हा रूपा नवलला म्हणाली, "मी ते रस्तानं बोलाव नही."

नवल भिंतीला टेकून बसला होता. दिवसभरात त्याने दोन प्रेतं नेली होती. आंघोळ करूनही त्याच्या अंगाला उदबत्तीचा वास राही. त्याने वर पाहिलं नाही.

"मंग काय बोलशी?"

"काहीच नही. घागर देसू अन उतरसू."

"बोलनं पडी. सरनी लिखेल शे."

वच्छलाबाई पुढे सरकली. "दख बाई. घर त्यासनं, गाडी त्यासनी, पोरनी शाळा त्यासनी. तू एक शब्द बोलशी अन आम्ही बठ्ठा उघडावर पडसूत. तुना पाय काही परत येवाव नही."

"तू बेसुध व्हती," नवल म्हणाला. तो हे अकरा वर्षांत पहिल्यांदा बोलत होता. "डाक्टर सांगे, पाय काढना पडी, नही ते बाई जाई. शेट म्हने, मी बठ्ठं दखस, कागद तेवढा करी टाका. माय म्हने सही कर. मी करी."

रूपाने त्याच्याकडे पाहिलं. नवल पस्तिशीचा होता तेव्हा, आता केस पांढरे झाले होते. तिला त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं. तो आला नाही. तिने उठून त्याला पाणी दिलं.

*

आखाजीच्या दिवशी पारा त्रेचाळीसवर होता. संध्याकाळी सहाला शाळेच्या मैदानावरचा मांडव अजून तापलेला होता. कापडाखाली चारशे-पाचशे माणसं पत्रिकेने वारा घेत बसली होती. प्रांतपाल, म्हणजे पन्नास-साठ क्लबांचा वरचा माणूस, पांढऱ्या सफारीत मधल्या खुर्चीवर होते. पडद्यावर क्लबचे जुने फोटो दाखवून झाले. निंबाखालचे रांजण दिसले, तरणे पंडितशेट दिसले. शिबिरातली रूपाही दिसली, हातात कुबड्या नसलेली.

मेघाने पट्टी जाड बांधली होती. ती आईशी बोलत नव्हती, पण साचा चढवताना तिनेच गुडघा धरला होता.

सूत्रसंचालन प्रेमराज सरांकडे होतं. त्यांनी नाव पुकारलं. रूपा मांडवाच्या बाजूने घागर कडेवर घेऊन निघाली. घागर काळ्या मातीची, गळ्याला झेंडूची माळ. ती दोन दिवस रिकामी घागर घेऊन सराव करत होती. भरलेली घागर तिला एका बाजूला ओढत होती, आणि ती बाजू उजवी होती.

पहिल्या दोन पायऱ्या ती डावा पाय आधी टाकून चढली. तिसऱ्या पायरीवर साचा आत फिरला. काहीतरी गरम मोज्यात उतरलं. तिला वाटलं पाणी सांडलं, म्हणून तिने घागरीकडे पाहिलं. घागर भरलेली होती. चौथ्या पायरीला कठडा नव्हता, लाल कापड सैल होतं. तिने उजवा पाय ठेवायच्या आधी मुलाने पाटीवर बोट फिरवावं तसा कापडावर फिरवून पाहिला. खाली कोणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. तिला हळू चढावं लागत होतं आणि त्या हळू चढण्याला टाळ्या पडत होत्या. सातव्या पायरीवर पोचेपर्यंत सगळा मांडव टाळ्या वाजवत होता, काही बाया डोळे पुसत होत्या.

प्रांतपालांनी उभं राहून घागर घेतली. फुलपात्रात पाणी ओतून ते घोटभर प्यायले. कॅमेरे चमकले. सरांनी माइक तिच्यासमोर धरला आणि तिच्या हातात चार ओळींचा कागद दिला.

रूपाने कागद पाहिला. ती सातवी शिकलेली होती, सरांचं अक्षर तिला चांगलं लागत असे. तिने पहिली ओळ वाचली. "मी रूपा नवल महाले." मग तिची नजर दुसऱ्या ओळीवर गेली आणि तिथून उठून समोर गेली. तिसऱ्या रांगेत मेघा बसली होती. मेघा टाळ्या वाजवत नव्हती. ती आईच्या साडीच्या काठाकडे बघत होती, जिथे पांढऱ्या मोज्याचं टोक लाल होत होतं.

"मना पाय रस्तावर नही ग्या," रूपा म्हणाली. आवाज माइकमधून मोठा होऊन मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आला. "दाळमिलना पट्टामा ग्या. शेटनी दाळमिलमा. पट्टाले जाळी नव्हती."

एवढंच. तिला आणखी बोलायचं होतं का, हे तिलाही नंतर कळलं नाही. पत्रिकांचा वारा थांबला. प्रांतपालांना खानदेशी कळत नसावी, ते हसऱ्या चेहऱ्याने शेजारी बघत राहिले. नवल मांडवाच्या खांबाजवळ उभा होता, त्याने मान खाली घातली.

आणि प्रेमराज सरांनी माइक स्वतःकडे ओढला. चाळीस वर्षं त्यांनी गावातल्या प्रत्येक अडलेल्या कार्यक्रमाला असंच पुढे ढकललं होतं. त्यांचा आवाज थरथरला नाही.

"ऐकलंत मित्रहो," ते म्हणाले. "मजुरी करणारी एक भगिनी. काम करताना अपघात झाला. मालकाने वाऱ्यावर सोडलं असतं तर? पण इथला मालक पळून गेला नाही. तो धावून आला. त्याने तिला पाय दिला, छत दिलं, तिच्या लेकीला शिक्षण दिलं. आणि या गोष्टीची वाच्यता अकरा वर्षांत त्याने कधी केली नाही. आज रूपाताईंनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं म्हणून आपल्याला कळलं."

मग पुढच्या रांगेतून एक टाळी आली, मग दहा, मग सगळा मांडव. आधीपेक्षा जास्त. पंडितशेट खुर्चीवरून उठले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी लोकांना हात जोडले, मग रूपाला जोडले, आणि माइकजवळ येऊन म्हणाले, "रूपाची जबाबदारी आजन्म आमची. हे मी प्रांतपालांच्या साक्षीने सांगतो."

प्रांतपालांना शेजारच्याने भाषांतर करून सांगितलं. त्यांनी रूपाच्या खांद्यावर शाल घातली.

ती उतरताना पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी क्लबच्या माणसांनी तिचे हात धरले होते. तिला एकटीने उतरायचं होतं. ते कोणी ऐकलं नाही.

*

घरी मेघाने साचा कापून काढावा लागेल की काय असं वाटेपर्यंत सावकाश ओढून काढला. मोजा जखमेला चिकटला होता. मिठाच्या पाण्याने भिजवून तो सोडवताना ती बोलली.

"म्हणजे पप्पांना माहीत होतं. आजीला माहीत होतं."

वच्छलाबाई भिंतीकडे तोंड करून आडवी झाली होती. नवल उंबऱ्यात होता.

"मी त्या माणसाच्या पाया पडत होते दर निकालाला," मेघा म्हणाली. "पेढे घेऊन जायचे. मी उद्या कॉलेजला सांगते. मला नको त्यांची फी."

"आनि मंग?" रूपाने विचारलं.

"काम करेन कुठं तरी."

"कोठे? दाळमिलमा?"

मेघाचे हात थांबले. रूपाने तिच्या हातातला मोजा काढून घेऊन बादलीत टाकला. मग लेकीची हनुवटी धरून आपल्याकडे वळवली.

"ती फी क्लबनी नही शे. मना पायनी शे. ती तू सोडानी नही. येक वरीस ऱ्हायनं. शिकी ले. मंग पाया पडू नको कोनाच्या."

मेघा मग रडली. रूपाने तिला रडू दिलं. बाहेर पोरींच्या झोक्यांची गाणी चालू होती आणि उंबऱ्यात नवल तसाच बसून होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमराज सर आले. केंद्राच्या दारात रूपा कुबड्या घेऊन उभी होती. साडीचा उजवा काठ रिकामा हलत होता. सरांनी पाहिलं आणि नजर वळवली. रात्रभरात त्यांची दाढी वाढल्यासारखी वाटत होती.

"पेपरला बातमी पाठवायची आहे," ते म्हणाले. खिशातून कागद काढला, पण लगेच उघडला नाही. "काल मी जे केलं ते... मला दुसरं सुचलं नाही. सवय झालीय."

"वाचा."

"'दाळमिलमधील अपघातात पाय गमावलेल्या रूपाताई महाले यांनी आपली कहाणी कथन केली. मिलमालक पंडितशेट यांनी त्यांना नवजीवन दिले.'" ते थांबले. "निदान आता खरं छापून येईल. शेटही हो म्हणाले. उलट त्यांना बरं वाटतंय, ओझं उतरलं म्हणतात."

रूपा कुबडीवर भार देऊन ऐकत होती. काखेत लाकूड रुतत होतं, सवय मोडली होती.

"सर, दुसरं वाक्य काढी टाका. तठे लिखा, पट्टाले जाळी नव्हती."

सरांनी कागदावर बोट ठेवून दुसरं वाक्य परत वाचलं.

"तसं नाही करता येणार गं," ते म्हणाले.

"मंग पहिलं बी काढी टाका. मनं नाव बी."

"नाव काढलं तर बातमी कशाची?"

"ते तुम्ही दखा."

सरांनी कागदाची घडी घातली. मग घडीची घडी घातली. जाताना ते म्हणाले, "प्रांतपाल दहाला निघतायत. केंद्रासमोर फोटो घ्यायचा म्हणत होते. पाय घालून येशील का पाच मिनिटं?"

"जखम भरली का घालसू."

ते थांबले. मग डोकं हलवून ते हॉलकडे गेले. फोटो तिच्याशिवाय झाला.

अकराच्या एसटीने मेघा जळगावला निघाली. रूपा तिला सोडायला स्टँडवर गेली. मेघा नको म्हणाली, नवल गाडीवर सोडतो म्हणाला, तरी ती कुबड्यांवर चालत गेली. अंतर अर्ध्या किलोमीटरचं, ऊन पायाखालच्या डांबरात उतरलेलं. दुकानांतली माणसं उठून उभी राहिली आणि बघत राहिली. काल पाचशे माणसांनी जे ऐकलं ते आज रस्त्यावर दिसत होतं, म्हणून काहींनी नजर खाली घातली, काहींनी दुकानात काम असल्यासारखं केलं. हसीनाबी ओट्यावर येऊन तिच्याबरोबर दहा पावलं चालली आणि परत फिरली.

गाडी लागली. मेघा खिडकीत बसून म्हणाली, "पुढच्या सोमवारी मी सुट्टी काढते. तू चाळीसगावहून धुळ्याच्या गाडीत बस, मी तिथं दवाखान्यात येते. माप देऊ."

"शेट गाडी देवाना व्हता मुंबईले."

"आई."

"बसनं येसू," रूपा म्हणाली.

गाडी वळणावरून गेली. रूपा थोडा वेळ तिथेच उभी राहिली. काखा सोलल्यासारख्या झाल्या होत्या, डावी पोटरी थरथरत होती, आणि परत जायचं अंतर तेवढंच होतं. साडेबाराला अंथरुणाला खिळलेल्या झुलाल आबांच्या घरचे कॉट न्यायला येणार होते, आणि किल्ली तिच्याकडे होती. तिने पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला, कुबड्या पुढे टाकल्या आणि क्लबच्या वाटेला लागली.